तरवड : आपल्या माळाचा मूळ रहिवासी

विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा, इमारतींचा, निकालांचा आणि माजी विद्यार्थ्यांच्या यशाचा वृत्तांत अन्यत्र येणारच आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक असल्यामुळे आमच्याकडूनही तशाच एखाद्या लेखाची अपेक्षा संपादक मंडळाने केली असावी. परंतु या जागेचा इतिहास पायाभरणीच्या दिवशी सुरू झाला असे आम्हास वाटत नाही. आज जेथे ग्रंथालय, मुलींचे वसतिगृह आणि प्रार्थना सभागृह उभे आहे तेथे पूर्वी मुरमाड माळ होता आणि त्या माळावर एका पिवळ्या फुलाच्या झुडपाची वस्ती होती. त्या झुडपाचे नाव तरवड. भोजनगृहाच्या मागील कुंपणालगत त्याची काही झाडे अद्याप शिल्लक आहेत. त्यांच्याविषयी लिहावे, असे आम्ही ठरविले.

तरवड ओळखावयास अवघड नाही. पुरुषभर उंचीचे, बुंध्यापासूनच फांद्या फुटलेले झुडूप, साल तपकिरी, पान संयुक्त, चिंचेच्या पानासारखे दोन रांगांत मांडलेल्या पर्णिकांचे, परंतु पर्णिका चिंचेपेक्षा पुष्कळ मोठ्या. प्रत्येक पानाच्या देठाशी हिरव्या रंगाची, कानाच्या पाळीसारखी गोलाकार दोन उपपर्णे असतात. ही खूण एकदा दाखवून दिली की इयत्ता पाचवीचा विद्यार्थीही पुन्हा चुकत नाही. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली या वनस्पतीस शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्याच्या नजरेतही हाच कान भरला असावा, कारण ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कानवाली. पूर्वी तिची प्रजाती कॅसिया मानली जाई. आता सेन्ना ऑरिक्युलाटा हे नाव रूढ आहे. संस्कृतात आवर्तकी, तेलुगूत तंगेडू, तामिळमध्ये आवारम. भारत, श्रीलंका आणि म्यानमार हा तिचा मूळ मुलूख. बाहवा आणि टाकळा हे तिचे जवळचे नातलग. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला गुडघाभर माजणारा टाकळा आणि तरवड यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. टाकळा वर्षभरात मरून जातो, तरवड मात्र उन्हाळ्यातही हिरवा राहतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

एके वर्षी नववीचा वर्ग घेऊन आम्ही माळावर गेलो असता एका विद्यार्थ्याने तरवडाकडे बोट दाखवून विचारले, “सर, ह्याची जात कोणती?” प्रश्न वनस्पतिशास्त्राचा होता आणि पूर्णतः योग्य होता. तरीही उत्तर देण्यापूर्वी आम्ही क्षणभर थबकलो. आपल्या भाषेत वनस्पतीच्या प्रकारालाही जात म्हणतात आणि माणसाच्या गळ्यात जन्मतः अडकविलेल्या लोढण्यालाही जातच म्हणतात. गंमत अशी की तरवडाच्या बाबतीत दुसऱ्या अर्थानेही उत्तर देता येते, कारण या झुडपाचा संबंध शतकानुशतके विशिष्ट माणसांच्या हाताशी राहिला आहे. त्याकडे आम्ही येऊच. तत्पूर्वी फूल पाहू.

भाद्रपद-आश्विनात तरवड ऐन बहरात असतो. फांद्यांच्या टोकांना पिवळ्याधमक फुलांचे घोस लागतात. फूल सुमारे दीड-दोन इंच रुंद, पाकळ्या पाच, किंचित चुरगळल्यासारख्या. मुलांच्या हाती भिंग देऊन आम्ही त्यांना पुंकेसर मोजावयास सांगतो. दहा भरतात, परंतु सर्व सारखे नसतात. वरचे तीन वांझ असतात, त्यांत पराग तयार होत नाही. मधले आखूड. खालचे लांब, जाड आणि पुढे वाकलेले. एकाच फुलात पुंकेसरांचे असे तीन प्रकार का असावेत?

याचे कारण समजावयाचे तर फुलाकडे येणारा पाहुणा पाहिला पाहिजे. तरवडाच्या फुलात मध नसतो. तो पाहुण्यास केवळ पराग देऊ करतो, आणि तोही सहज देत नाही. इतर फुलांत परागकोश उभा फाटतो व पराग बाहेर सांडतो. तरवडाच्या परागकोशास टोकाशी फक्त बारीक छिद्रे असतात, मिठाच्या डबीला असतात तशी. डबी हलविल्याशिवाय मीठ पडत नाही. काळा, जाडजूड भुंगा फुलावर येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि पंख न उडविता छातीचे स्नायू इतक्या वेगाने थरथरवितो की फूल गुणगुणू लागते. त्या कंपाने छिद्रांतून परागाचा फवारा निघतो. मधल्या आखूड पुंकेसरांतील पराग भुंगा आपल्यासाठी व पिलांसाठी गोळा करतो; त्याच वेळी खालच्या लांब पुंकेसरांतील पराग त्याच्या अंगावर अशा जागी बसतो की त्याला तो सहजासहजी झाडता येत नाही. तोच पराग पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसरावर पोहोचतो. मधले पुंकेसर मजुरीचे आणि खालचे कामाचे, असा हा सरळ हिशेब आहे. शिवाय स्त्रीकेसर काही फुलांत डावीकडे व काही फुलांत उजवीकडे वळलेला असतो, त्यामुळे डाव्या फुलातून उचललेला पराग उजव्या फुलात पोहोचण्याची शक्यता वाढते. घरोघरी पाळल्या जाणाऱ्या मधमाशीला ही थरथर साधत नाही. सकाळच्या पहिल्या तासाला शांत उभे राहिल्यास ती गुणगुण स्पष्ट ऐकू येते. ती ऐकताना एरवी दंगा करणारा वर्ग पाच-सात मिनिटे संपूर्ण गप्प उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे, आणि शिक्षकाच्या आयुष्यात ही घटना नोंद घेण्यासारखी असते.

पानांकडेही पाहावे. पर्णिकांच्या जोड्यांमध्ये देठावर बारीक उभट ग्रंथी असतात. फुलात नसलेला गोडवा झाडाने येथे ठेवला आहे. त्यासाठी मुंग्या येतात आणि त्यांची वर्दळ पाने खाणाऱ्या किड्यांना जाचक ठरते. तरीही फिकट हिरवट-पांढऱ्या भटक्या फुलपाखरांच्या अळ्या तरवडाचीच पाने खाऊन वाढतात. गुरे मात्र त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. पुढील विवेचनासाठी ही बाब ध्यानात ठेवावी.

आता त्याच्या मुलखाविषयी. दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे बनले आहे. सह्याद्रीच्या पूर्वेस पाऊस झपाट्याने कमी होत जातो. माण-खटावपासून सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिवपर्यंतच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात वार्षिक पाऊस बव्हंशी पाचशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही लहरी. दऱ्याखोऱ्यांत काळी माती साठते, तेथे ज्वारी पिकते. चढावर आणि टेकडीच्या माथ्यावर मात्र वीतभर मातीखाली मुरूम आणि मुरमाखाली कातळ. अशा जमिनीवर दाट जंगल होत नाही. तेथे गवत होते : कुसळी, पवन्या, मारवेल. गवतात अधूनमधून हिवर, बोर, हेंकळ आणि तरवड. ऊन भरपूर, सावली विरळ. या रचनेलाच आपण माळ म्हणतो. माळ म्हणजे जंगल तुटून उरलेली जागा, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. माळ ही स्वतंत्र सृष्टी आहे. तित्तिर, चंडोल, टिटवी, काळवीट, खोकड आणि लांडगा यांचे ते घर आहे. सोलापूरनजीक नान्नज येथे १९७९ साली अभयारण्य झाले ते माळढोक या माळाच्या पक्ष्यासाठी. आज तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे.

तरवडाची मुळे मुरमात खोल शिरतात. दुष्काळात ज्वारी करपते, विहिरी आटतात, तरीही बांधावरचा तरवड हिरवा असतो. उतारावर तो माती धरून ठेवतो. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जेथे तरवडच तरवड दिसतो, तो माळ निरोगी असेलच असे नाही. गुरे गवत खातात, तरवड सोडतात. चराई अनेक वर्षे बेसुमार झाली की गवत हटते आणि तरवड उरतो. गवतात विखुरलेला तरवड चांगल्या माळाची खूण, उघड्या मुरमावर गर्दी केलेला तरवड थकलेल्या माळाची. आपल्या शाळेच्या पूर्वेकडील टेकडीवर दोन्ही चित्रे शंभर पावलांच्या अंतरात पाहावयास मिळतात.

नकाशांत आणि दप्तरांत मात्र या माळाला चांगले नाव कधी मिळाले नाही. मुंबई इलाख्यात १८३५-३६ च्या सुमारास इंदापूरपासून नवी जमीनमोजणी सुरू झाली आणि जमीन महसूल देते किंवा देत नाही या एकाच काट्यावर तोलली जाऊ लागली. जी देत नाही ती पड, खराबा. सातबारा उताऱ्यावरील ‘पोटखराबा’ हा शब्द आपल्या विद्यार्थ्यांच्या घरी आजही उच्चारला जातो. स्वातंत्र्यानंतर दृष्टी पालटली असे नाही. २००० साली शासनाने देशातील पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला त्यात झुडपांच्या जमिनी व गवताळ कुरणे यांचा पुष्कळ भाग पडीक म्हणूनच मोडला गेला. जे मालकाच्या उपयोगाचे नाही ते निरुपयोगी, हा न्याय जमिनीला लावला गेला. तोच माणसांनाही कसा लावला जातो हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको.

निरुपयोगी ठरविलेल्या याच माळावर गावाची अत्यंत उपयोगाची कामे चालत. तरवडाची साल हा त्यांपैकी एक धागा. वाळलेल्या सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन असते. कच्चे कातडे म्हणजे मुख्यतः प्रथिनांचे तंतू आणि पाणी. ते तसेच ठेवले तर दोन दिवसांत सडते. टॅनिन त्या तंतूंना घट्ट बिलगते, पाणी हुसकावते आणि सडविणाऱ्या जंतूंचा शिरकाव बंद करते. कातड्याचे चामडे होते ते असे. आपल्याकडे यासाठी बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल वापरीत. इंग्रजीत तर तरवडाचे नावच ‘चांभाराचा कॅसिया’ अशा अर्थाचे पडले आहे. नेमकेपणाने बोलावयाचे तर कातडे कमावणाऱ्याचा.

प्रक्रिया मोठ्या कौशल्याची होती. कातडे प्रथम पाण्यात भिजवून स्वच्छ करीत, नंतर चुन्याच्या निवळीत ठेवीत. त्याने केस सैल होत. केस व आतील मांस तासून काढल्यावर चुना धुऊन टाकीत. मग कातडे शिवून त्याची पिशवी करीत, ती लाकडी तिकाटीला टांगीत आणि तिच्यात कुटलेली साल व पाणी भरीत. सालीचा अर्क कातड्यातून झिरपून खाली ठिबके. तो खालच्या भांड्यात धरून पुन्हा वर ओतीत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगीत, म्हणजे वरचा भागही सारखा मुरे. केव्हा उलटावयाची, साल केव्हा बदलावयाची हे वासावरून व स्पर्शावरून ठरे. हे रसायनशास्त्र होते. ते कोणत्याही पाठशाळेत शिकविले जात नव्हते आणि ते जाणणाऱ्यांना पाठशाळेच्या पायरीवरही बसू दिले जात नव्हते.

मेलेले जनावर ओढण्याचे काम महारांकडे, कातडे कमावण्याचे ढोरांकडे, पादत्राणे करण्याचे चांभारांकडे, अशी ही वाटणी होती आणि त्या वाटणीतही वरखालीपणाची उतरंड रचलेली होती. या चामड्याची मोट होई, तिच्यावर बागायती पिके. या चामड्याची पखाल होई, तिच्यातले पाणी. नाडा, आसूड, वहाणा, ढोलकी, सर्व त्यातूनच. मोटेचे पाणी शेताला चाले, मोट करणाऱ्याचा स्पर्श चालत नसे. बाराव्या शतकात कल्याणच्या शरणांमध्ये कक्कय्या आणि हरळय्या यांची नावे आदराने घेतली जातात. ढोर समाज आजही आपणास कक्कय्या म्हणवितो, आणि मुंबईत धारावीत संत कक्कय्यांच्या नावाचा मार्ग आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून धारावीत चामड्याचे कारखाने उभे राहिले, तेव्हा दख्खनच्या दुष्काळी गावांतून पुष्कळ माणसे हेच कसब घेऊन तेथे गेली.

दक्षिणेत मद्रास इलाख्यातून परदेशी जाणारे चामडे प्रामुख्याने आवारमच्या, म्हणजे तरवडाच्याच, सालीने कमावले जाई. विसाव्या शतकात क्रोमियमच्या क्षारांनी काही तासांत कातडे कमावण्याची रीत आली आणि वनस्पतींच्या रीतीसाठी आफ्रिकेतील वॅटलची साल व अर्क आयात होऊ लागला. तरवडाची मागणी ओसरली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सोलापूर जिल्ह्याचाही समावेश आहे. तिचे चामडे आजही बाभूळ-हिरड्याच्या जुन्या रीतीने कमावलेले असते. तरवडाची साल सोलणारी माणसे मात्र आमच्या परिसरात आता उरलेली नाहीत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला तारखांचे योगायोग खुणावतात. भारतीय वन अधिनियम १९२७ चा. त्याच्या दुसऱ्या कलमात वनोपजाची व्याख्या आहे आणि तीत साल व हिरडा यांचा स्पष्ट उल्लेख असून ती जंगलात मिळोत वा जंगलाबाहेर, ती वनोपजच, असे म्हटले आहे. म्हणजे ज्यांच्या हातांना समाजाने अपवित्र ठरविले त्यांच्या हातातील सालीवर सरकारनेही आपला शिक्का उमटविला. त्याच १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा असे आपल्या लोकांना सांगितले, आणि २० मार्च रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. आमच्या आजोबांच्या पिढीने ते काम टाकले तेव्हा अनेक गावांत बलुते बंद झाले, वाटा अडविल्या गेल्या. पुढे १९५८ च्या कायद्याने महारकीची वतनेही संपली. काम सोडले हे योग्यच झाले, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. परंतु सक्तीचा धंदा सोडताना त्या धंद्यातील ज्ञान कोठे नोंदविले गेले नाही, याची रुखरुख इतिहासाचा शिक्षक म्हणून वाटते. अपमान टाकावयाचा होता, तो टाकला. साल किती दिवस मुरवावयाची याचे गणितही त्याच्याबरोबर गेले.

आमच्या एका विद्यार्थिनीचे पणजोबा हे काम केलेल्या पिढीतील शेवटचे गृहस्थ होते. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी प्रथम हा विषयच टाळला. “गुर्जी, पोरं शिकली, आता तो वास कशाला काढता?” असे ते म्हणाले. मग नात तरवडाची फांदी घेऊन आली. तिची साल त्यांनी नखाने किंचित सोलली, जिभेला लावली आणि म्हणाले, “अजून कवळी हाय. दोन पावसाळं जाऊ द्याया पायजेत.” एवढेच. त्यांची ती एक ओळ आम्ही वहीत लिहून ठेवली आहे. पुढल्या वर्षी ते वारले.

नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ चढविण्याची चाल आपल्या भागात आहे. शेजारच्या तेलंगणात बतुकम्माच्या सणात स्त्रिया याच फुलांचे मनोरे रचतात, आणि तंगेडू हे त्या राज्याचे राज्यपुष्प आहे. आपली घरे घट बसवीत नाहीत. त्यामुळे एका पालकाने आम्हास विचारले होते की, मुलांना हे फूल कशाला दाखविता, ते तर त्यांच्या पूजेचे. आम्ही त्यांना नम्रपणे सांगितले की फूल पूजेच्या आधीचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरकडे निघालेल्या आपल्या वाडवडिलांच्या वाटेवर, ऐन ऑक्टोबरात, दख्खनच्या बांधाबांधांवर तरवड फुललेलाच असणार. सत्यशोधकांचे ‘दीनमित्र’ साप्ताहिक मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून चालविले, आणि त्याचा पुष्कळसा काळ ज्या खेडेगावी गेला त्या गावाचे नाव तरवडी. छापखाना शहरातच असावा लागतो हा समज त्या गावाने खोटा ठरविला. त्याच्या नावातच हे झुडूप ऐकू येते.

आता अवघड भागाकडे वळतो. माळ राखला पाहिजे, असे आम्ही वर्गात सांगत होतो. तेव्हा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, माळ राखायचा तर आमचं शेत कुठं जाईल?” त्याचे कुटुंब गायरानातील दोन एकर कसते. प्रश्न योग्य होता आणि त्या क्षणी आमच्याजवळ उत्तर नव्हते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह १९५९ साली मराठवाड्यात आणि १९६४-६५ साली देशभर झाला. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या, ही त्याची मागणी होती. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९१ साली केला. प्रत्यक्षात किती घरांच्या हाती सातबारा आला, हे गावोगावच्या तलाठी कार्यालयात जाऊन पाहावे. ज्या जमिनीला आम्ही वर जिवंत सृष्टी म्हटले, त्याच जमिनीच्या पडीकपणावर आपल्या लोकांच्या हक्काची मागणी उभी राहिली आहे. हा पेच खरा आहे. तो विद्यार्थ्यांपासून लपवून केवळ फुलाचे कौतुक शिकविणे आम्हास जमणार नाही.

आमचे मत आम्ही सांगतो, त्यावर मतभेद असू शकेल. दोन एकर कसणाऱ्या कुटुंबामुळे माळ संपलेला नाही. त्या मुलाच्या शेताच्या बांधावर आजही तरवड आहे, कारण त्याच्या वडिलांना बांधाची माती वाहून जाऊ द्यावयाची नाही आणि चुलीला काटक्याही हव्या आहेत. माळ संपतो तो मुरमाच्या खाणींनी, खडी केंद्रांनी, शहरालगत पडणाऱ्या भूखंडांनी. गायरान वाचविण्याच्या नावाने प्रथम झोपडी हटते आणि खाण चालूच राहते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. फुलाचा कैवार घेताना आपण कोणाच्या विरुद्ध उभे राहत आहोत हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे.

आणि माळ संपतो तो सदिच्छेनेही. यात आमचाही हात आहे. शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी वृक्षारोपणाचा मोठा कार्यक्रम झाला. पाहुणे आले, भाषणे झाली, आणि त्याच्या आदल्या दिवशी आम्ही शिक्षकांनी मुलांना हाताशी धरून मैदानामागील सारा तरवड ‘रान’ म्हणून मुळासकट उपटून काढला. त्या जागी खड्डे घेऊन निलगिरी आणि गिरिपुष्प लावले. मुरमात पाणी ठरेना. पहिल्या दोन उन्हाळ्यांत बहुतेक निलगिरी वाळली. गिरिपुष्प तगले, परंतु त्याखाली आता गवत नाही. मोकळ्या झालेल्या कडेला गाजर गवत शिरले. हे गवत पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नोंदले गेले आणि तेथून देशभर पसरले. आज दरवर्षी श्रमदानाच्या दिवशी मुले ते उपटतात, आणि त्यांच्या हातांना खाज सुटली की त्या वृक्षारोपणाचे छायाचित्र आम्हास आठवते. ते याच स्मरणिकेत अन्यत्र छापलेले आहे. त्यात कुदळ हाती घेऊन उभे असलेले, काळ्या केसांचे शिक्षक आम्हीच.

गेली तीन वर्षे भोजनगृहामागील पट्ट्यात आम्ही काही लावीत नाही आणि काही उपटीतही नाही, गाजर गवताचा अपवाद वगळता. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून काटेरी फांद्यांचे कुंपण तेवढे केले. दुसऱ्या पावसाळ्यात कुसळी परतली. यंदा मारवेलीची काही ठोंबे दिसली आणि सकाळी तेथे मुनियांचा थवा उतरतो.

बी पेरण्याचा प्रयोगही आठवीच्या मुलींनी केला. तरवडाच्या शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, हिवाळ्यात पिकून फिक्या तपकिरी होतात आणि वाऱ्याने खुळखुळतात. बी कठीण कवचाचे असते. तसेच पेरले तर काही महिने, कधी वर्षभरही, नुसते पडून राहते. मुलींनी अर्धे बी तसेच पेरले आणि अर्धे खडबडीत फरशीवर घासून, रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेरले. घासलेले आठवड्याभरात वर आले. न घासलेल्यांपैकी एकच उगवले. उरलेल्यांचे वाफे मोडून टाकावेत असे शिपाईमामांचे म्हणणे होते. मुलींनी ते मोडू दिले नाहीत. त्यांनी वाफ्यावर पाटी लावली आहे : ‘येथे बी आहे.’ रौप्यमहोत्सवास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी भोजनानंतर हात धुण्यासाठी मागील नळावर जावे. वाफा नळाच्या उजव्या अंगास आहे.